चष्मा घालवणारं लेझर: कापण्याआधीचं मापणं

आमच्या तालुक्याच्या गावात पहाटे पाचला बायपासच्या रस्त्याने निघालं, की भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा चष्मा तेव्हा खिशात असतो. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षं गेली. चष्म्याचे नंबर काढायचे, शाळाशाळांतून पोरांचे डोळे तपासायचे, शिबिरातून मोतीबिंदूचे पेशंट पुढे पाठवायचे, असं ते काम. गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे. मागच्या पावसाळ्यात पहाटे पळणाऱ्यांपैकीच एकाने नागपूरहून आणलेलं पत्रक माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि विचारलं, "काका, हे कस्टमाइज म्हंजे काय असते? सगळ्याइच्या डोळ्याले एकच लेझर मारत असन ना?"

पत्रकावर पाच नावं होती आणि प्रत्येक नावापुढे आधीच्यापेक्षा मोठी किंमत: लॅसिक, ब्लेडलेस, वेव्हफ्रंट, कंटुरा, स्माइल. पोराच्या वडिलांनी कापसाचे पैसे बाजूला ठेवले होते. महाग ते चांगलं, एवढाच हिशोब त्यांच्याजवळ होता. दुसरा कोणी त्यांना दिलाच नव्हता.

पोराचा प्रश्न मात्र अगदी बरोबर जागी लागला होता. लेझरचा झोत सगळ्यांसाठी सारखाच असतो. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं असतं ते माप. ते माप कसं घेतात आणि ते कुठे चुकू शकतं हे समजलं, की पत्रकावरची पाचही नावं समजतात.

आधी डोळ्याची काच

डोळ्यात जे काळं बुबुळ दिसतं, त्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. आरशात तो दिसत नाही, कारण तो स्वच्छ असतो. रुंदीला साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटर, आणि मध्यभागी जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या हिशोबाने ही जाडी सुमारे ५४० मायक्रॉन. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवा, जवळजवळ तेवढीच.

डोळा प्रकाश वाकवून आतल्या पडद्यावर चित्र पाडतो, त्यातलं दोन-तृतीयांश काम हे पाच कागदांएवढं पारपटल करतं. उरलेलं काम आतल्या भिंगाचं. पारपटलाचा गोलावा आणि डोळ्याची लांबी यांचं जमलं नाही, की चित्र पडद्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतं. मग लागतो चष्मा.

नंबर म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळेत कोणी नीट सांगत नाही. १ मीटरला नंबराने भागा. उणे २ चा पोरगा ५० सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट पाहतो, उणे ४ चा २५ सेंटिमीटरपर्यंतचं. त्यापुढे सगळं धूसर. उणे ४ वाल्या पोराला चष्म्याशिवाय ताटावर वाकलं तर स्वतःच्या ताटातली भाजी स्पष्ट दिसते, समोर बसलेल्या आईचा चेहरा दिसत नाही. हे आकड्यात सांगितलं तर घरच्यांना कळत नाही. ताटाचं उदाहरण दिलं, की आया गप्प होतात.

नंबराच्या जोडीला कधी सिलिंडर असतो. म्हणजे पारपटल चेंडूसारखं सगळीकडून सारखं गोल नसून एका दिशेने जास्त, दुसरीने कमी वाकलेलं असतं. तो कोणत्या दिशेने आहे ते अंशांत लिहितात. हा अंश लक्षात ठेवा, पुढे त्यावरच एक घोळ होतो.

पोत न जाळता घासणारा उजेड

पारपटलाचाच आकार बदलला, तर चष्म्याची गरज उरणार नाही, ही कल्पना लेझरच्या आधीची. कोलंबियातल्या बोगोटा शहरात काम केलेल्या होसे इग्नासिओ बाराकेर या डॉक्टराने विसाव्या शतकाच्या मध्याला पारपटलाचा थर काढून, तो गोठवून, लेथवर घासून परत बसवण्याची पद्धत मांडली. विचार पक्का होता. हत्यार ओबडधोबड होतं.

हत्यार मिळालं ते एक्सायमर लेझरच्या रूपाने, आणि त्यात आपल्या माणसांचा मोठा हात आहे. मणिलाल भौमिक हे बंगालच्या खेड्यातले. पोरवयात ते गांधीजींच्या महिषादलच्या मुक्कामात काही काळ राहिले होते. वर्धा-सेवाग्रामच्या मातीत वाढलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. पुढे अमेरिकेत १९७३ साली त्यांच्या गटाने व्यवहारात वापरता येईल असं एक्सायमर लेझर दाखवलं. दुसरे रंगस्वामी श्रीनिवासन, जन्म मद्रासचा, नोकरी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी ते सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसाचे तुकडे घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि त्यांवर हे लेझर सोडलं. काप स्वच्छ पडला आणि कडेचा भाग जळला नाही. पुढे याच लेझरने माणसाच्या केसावर नेमक्या खाचा पाडून दाखवल्या गेल्या. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत पारपटलावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि १९८८ मध्ये मार्गारीट मॅकडोनाल्ड यांनी दिसत्या डोळ्यावर पहिली अशी शस्त्रक्रिया केली.

या लेझरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड. तो पोत, म्हणजे पारपटलाचा थर, तापवत नाही. पेशींतल्या रेणूंची बंधनंच तोडतो आणि तेवढा थर वाफेसारखा उडून जातो. एका ठोक्यात साधारण पाव मायक्रॉन. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईला हाताशी बसून पाहिलं असेल, तर हे लगेच कळेल. ती पाटा फोडत नाही. हलक्या हाताने, एकेका जागी, मोजून ठोके देते. लेझर तसंच आहे, फक्त ते सेकंदाला शेकडो ठोके देतं.

"लेझर आत जाऊन पडदा जाळत नाही का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मधुमेहाच्या पेशंटच्या आतल्या पडद्यावर जे लेझर करतात ते वेगळं. ते हिरव्या उजेडाचं असतं आणि पारपटलातून आरपार जातं. १९३ नॅनोमीटरचा उजेड पारपटलाच्या वरच्या थरातच शोषला जातो, आत पोचतच नाही.

किती घासायचं, याचं एक ढोबळ सूत्र आहे. जेवढा गोल भाग घासायचा त्याचा मिलिमीटरमधला व्यास घ्या, त्याचा वर्ग करा, नंबराने गुणा, तीनने भागा. ६ मिलिमीटरचा गोल आणि उणे ४ नंबर असेल, तर ४८ मायक्रॉन. अर्ध्या झेरॉक्स कागदाएवढं काढलं, की ताटापर्यंतच पाहणारा पोरगा शेताच्या धुऱ्यावरचं झाड पाहू लागतो. गोल ७ मिलिमीटरचा ठेवला तर तेवढ्याच नंबराला ६५ मायक्रॉन लागतात. हे सूत्र पुढे कामाला येईल.

वरून, झाकण उघडून, की आतून?

पत्रकावरच्या नावांपैकी काही नावं फक्त आत जाण्याच्या वाटेची आहेत.

सगळ्यात जुनी वाट पीआरके. पारपटलाच्या वरची पातळ त्वचा, सुमारे ५० मायक्रॉनची, बाजूला करतात आणि खालचा थर घासतात. त्वचा तीन-चार दिवसांत परत येते; घासलेला थर परत येत नाही, म्हणून परिणाम टिकतो. पण ते तीन-चार दिवस डोळा चुरचुरतो, पाणी येतं आणि नजर स्वच्छ व्हायला आठवडे लागतात.

लॅसिकमध्ये पारपटलाची एक पातळ चकती पुस्तकाच्या पानासारखी उघडतात, तिच्याखाली घासतात आणि पान परत मिटतात. १९९० च्या सुमारास ग्रीसमध्ये पालिकारिस यांनी ही रीत रूढ केली. दुसऱ्या दिवशीच दिसू लागतं, म्हणून ती लोकप्रिय झाली. हे पान आधी पात्याने कापत. आता बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेझरने कापतात. तेच ब्लेडलेस. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. एवढ्या क्षणभराच्या ठोक्याने पारपटलाच्या आत सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि बुडबुड्यांच्या रांगेने थर सुटतो.

स्माइलमध्ये पान उघडतच नाहीत. याच फेम्टोसेकंद लेझरने आतल्या आत भिंगाच्या आकाराचा एक पातळ तुकडा सोडवतात आणि दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून तो ओढून काढतात. इथे एक्सायमर लागत नाही.

कबड्डी आणि कुस्ती खेळणाऱ्या पोरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. लॅसिकचं पान बसतं, पण कडेचा सांधा पहिल्यासारखा मजबूत कधीच होत नाही. जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही ते सरकल्याच्या नोंदी आहेत. बैलाचं शिंग, पऱ्हाटीची काडी, कोणाचं तरी कोपर, हे आपल्याकडचे रोजचे मार आहेत. अशांनी डॉक्टरांना पीआरके किंवा स्माइलबद्दल स्वतःहून विचारावं.

आता कस्टमाइज्ड

साधं लॅसिक म्हणजे चष्म्याचा नंबरच पारपटलावर कोरणं. नंबर आणि सिलिंडर, झालं. पण प्रत्येक डोळ्यात त्यापलीकडे बारीक उंचसखलपणा असतो, जो कोणत्याच चष्म्याने जात नाही. त्यामुळे काही जणांना रात्री दिव्याला शेपूट फुटलेलं दिसतं, काहींना दिव्याभोवती कडं दिसतं, काहींना दिव्यातून काटे निघालेले दिसतात. या दोषांना उच्च दर्जाचे दृष्टिदोष म्हणतात. नाव ऐकून ते मोठे वाटतील, पण ते बारीक दोष आहेत. ते मोजायचे कसे, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आकाशाकडून आलं.

ताऱ्याचा उजेड दुर्बिणीत का विस्कटतो हे मोजायला खगोलशास्त्रज्ञांकडे एक यंत्र होतं. जर्मनीच्या हार्टमान यांची १९०० च्या सुमाराची कल्पना, अमेरिकेच्या शॅक यांनी १९७१ मध्ये सुधारलेली. १९९४ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ल्यांग, बिले आणि सोबत्यांनी तेच यंत्र माणसाच्या डोळ्याकडे वळवलं. डोळ्यात एक बारीक उजेडाचा ठिपका सोडायचा. तो आतल्या पडद्यावरून उलटा बाहेर येतो. बाहेर येताना त्याच्या वाटेत शेकडो इवल्या भिंगांची जाळी ठेवायची. प्रत्येक भिंग एक ठिपका पाडतं.

आपल्याकडे कपाशी चौफुली लावतात, दोन्ही बाजूंनी डवरा चालावा म्हणून. डोळा निर्दोष असेल तर हे ठिपके चौफुलीच्या कपाशीसारखे आडव्या-उभ्या ओळींत सरळ पडतात. दोष असेल तिथलं झाड ओळीतून सरकतं. कोणतं झाड कोणत्या बाजूला किती सरकलं, एवढं मोजलं, की त्या जागी डोळ्याचा उजेड किती वाकडा जातो ते कळतं. यालाच वेव्हफ्रंट म्हणतात. १९९९ मध्ये थिओ झायलर यांनी या मापावर बेतलेलं पहिलं लॅसिक केलं, आणि २००२ पासून अमेरिकेत त्याला रीतसर परवानगी आहे.

दुसरं माप पारपटलाच्या पृष्ठभागाचं. पोचा आलेल्या स्टीलच्या तांब्यात खिडकी कशी वाकडी दिसते? पोचा कुठे आहे ते त्या वाकडेपणावरून कळतं. पोर्तुगालच्या प्लासिडो यांनी १८८० मध्ये हीच युक्ती डोळ्याला लावली: काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरायची आणि पारपटलात तिचं प्रतिबिंब पाहायचं. आता तेच काम संगणक करतो, हजारो बिंदूंवर उंची मोजून रंगीत नकाशा काढतो. या नकाशाला टोपोग्राफी म्हणतात, आणि त्याच्यावरून घासतात ते कंटुरा. नाव ऐकून बिचकायचं कारण नाही. ते कंटूरवरूनच आलेलं आहे, आणि कंटूर आपल्या गावात नवा नाही. डोंगरउतारावर पाणलोटवाले सलग समतल चर खोदतात, तेव्हा आधी लेव्हल लावून कुठे चढ, कुठे उतार हे मोजतातच ना? माप चुकलं तर चरातून पाणी फुटतं. इथेही तसंच.

फरक एवढाच, की वेव्हफ्रंट संपूर्ण डोळ्याचा दोष मोजतं, आतल्या भिंगासकट. टोपोग्राफी फक्त पुढच्या काचेचा आकार मोजते, पण तो फार बारकाईने.

तिसरा एक प्रकार आहे, वेव्हफ्रंट ऑप्टिमाइज्ड. नावामुळे गोंधळ होतो. यात तुमच्या डोळ्याचे बारीक दोष मोजून कोरत नाहीत. पारपटलाचा नैसर्गिक आकार, मध्ये जास्त वाकलेला आणि कडेला सपाट होत जाणारा, बिघडू नये म्हणून कडेला जास्तीचे ठोके देतात. जुन्या लॅसिकमध्ये हा आकार बिघडायचा. रात्री बाहुली मोठी झाली, की घासलेल्या गोलाच्या कडेचा उजेड आत शिरायचा आणि दिव्यांभोवती कडी दिसायची. ट्रक चालवणाऱ्यांना याचा फार त्रास व्हायचा.

मग सगळ्यात महागडं घ्यायचं का?

माझं मत सरळ आहे. डोळ्यात बारीक दोष फारसे नसतील, तर ऑप्टिमाइज्ड आणि पूर्ण कस्टमाइज्ड यांच्या निकालात बहुतेकांना जाणवेल असा फरक पडत नाही. दोष जास्त असतील, पारपटल थोडं वाकडंतिकडं असेल, आधीच्या शस्त्रक्रियेने रात्रीचा त्रास होत असेल, तर कस्टमाइज्डचा खरा उपयोग आहे. तुमचा डोळा कोणत्या गटातला हे पत्रक सांगत नाही, नकाशा सांगतो. म्हणून "कोणतं लेझर?" हे विचारायच्या आधी "माझ्या मापात काय निघालं?" हे विचारा.

आणि एक हिशोब करून पाहा. पारपटल ४८० मायक्रॉनचं, नंबर उणे ९. पानाची जाडी ११०, ६ मिलिमीटरच्या गोलाला घासायचे १०८. खाली उरले २६२. खाली निदान २५० मायक्रॉन तरी शिल्लक राहिले पाहिजेत, ही या शस्त्रक्रियेतली जुनी मर्यादा. म्हणजे जेमतेम. आता कस्टमाइज्डमध्ये उंचसखलपणा काढायला जास्तीचा पोत लागतो. यंत्रागणिक बदलतं, पण नंबरामागे १५ मायक्रॉन धरले तर १३५ झाले आणि उरले २३५. म्हणजे जास्त पैसे भरून घेतलेली शस्त्रक्रिया याच डोळ्याला जास्त धोक्याची ठरली. चांगला डॉक्टर इथे थांबतो. (वजाबाकी वहीत करण्यासारखी आहे. पोरांकडून मी ती करून घेतो.)

डोळा हलला तर?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि तिची भीती खोटी नाही. डोळा सतत थोडा हलतोच. म्हणून यंत्रातला कॅमेरा सेकंदाला शेकडो वेळा बाहुलीची जागा पाहतो, ठोका तिच्यामागे वळवतो, आणि डोळा फारच सरकला तर लेझर आपोआप थांबतं. उणे ४ ला प्रत्यक्ष लेझरचा वेळ दहा-पंधरा सेकंदांचा.

मात्र एक हालचाल डोळ्यांना दिसत नाही. बसलेला माणूस आडवा झाला, की डोळा स्वतःभोवती किंचित फिरतो. माप घेतलं बसवून, लेझर केलं झोपवून. वर सिलिंडरच्या अंशाबद्दल म्हटलं होतं ते इथे कामाला येतं. अक्ष १० अंशांनी चुकला तर सिलिंडरच्या दुरुस्तीचा साधारण एक-तृतीयांश भाग वाया जातो. ३० अंशांनी चुकला तर काहीच फायदा होत नाही. कस्टमाइज्डचा नकाशा तर आणखी बारीक असतो, तो थोडा फिरला तरी चढाच्या जागी उतार खोदला जाईल. म्हणून चांगली यंत्रं बुबुळावरच्या नैसर्गिक रेघा ओळखून नकाशा डोळ्याबरोबर फिरवून घेतात. तशी सोय नसेल तर डॉक्टर बसलेल्या पेशंटच्या डोळ्यावर शाईने खुणा करतात. विचारायला लाजू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या पोरी अजून एका जागी फसतात. लेन्स पारपटल दाबते, त्याचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स तपासणीच्या निदान एक-दोन आठवडे आधी आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस आधी बंद करावी लागते. सकाळी लेन्स काढून दुपारी माप दिलं, तर ते माप तुमच्या डोळ्याचं नाहीच.

ज्यांना नाही म्हणावं लागतं

पत्रक घेऊन आलेल्या पोराचं आता सांगतो. वय वीस. माझ्या जुन्या रजिस्टरमध्ये त्याचा सिलिंडर दोन वर्षांपूर्वी १ होता, आता अडीच. लहानपणापासून डोळे खाजायचे, आणि हा मुठीने चोळायचा. रेटिनोस्कोप या हातातल्या यंत्राच्या उजेडात त्याची बाहुली तपासली तर उजेड सरळ न सरकता कात्रीच्या पात्यांसारखा उघडमिट होत होता. मी त्याला टोपोग्राफीसाठी पाठवलं. नकाशात पारपटलाचा खालचा भाग लाल निघाला, आणि तिथेच ते पातळ होतं. हा केराटोकोनस. पारपटल कमजोर होऊन हळूहळू शंकूसारखं पुढे येतं.

अशा डोळ्यावर लॅसिक केलं असतं, तर आधीच कमजोर असलेलं पारपटल आणखी पातळ झालं असतं आणि फुगत गेलं असतं. तो धोका चष्म्याच्या नंबरात दिसत नाही. चार्टवर तो पोरगा चष्मा लावून जवळजवळ पूर्ण वाचत होता. म्हणून मी म्हणतो, या सगळ्या तंत्रज्ञानात लेझरपेक्षा नकाशा मोलाचा आहे. कोणाला हात लावू नये हे तो सांगतो. या पोरावर क्रॉसलिंकिंग झालं: बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील उजेड देतात, पारपटलाचे धागे घट्ट होतात आणि आजार पुढे सरकणं बहुतेकदा थांबतं. चष्मा गेला नाही. कापसाचे पैसे मात्र योग्य जागी लागले. उन्हाळ्यात डोळे खाजणारी, चोळणारी पोरं आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना थेंब द्या, थंड पाण्याने डोळे धुवा, चोळू देऊ नका.

बाकीची कारणं थोडक्यात. अठराच्या आत करत नाहीत. वर्षभरात नंबर ०.५० पेक्षा जास्त बदलला असेल तर थांबावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नको. मधुमेह आटोक्यात नसेल, सांधेवातासारखा आजार असेल, तर डॉक्टरांपासून काही लपवू नका.

कोरड्या डोळ्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. पारपटलाच्या नसा अश्रूंना बोलावतात. लॅसिकचं पान कापताना त्या कापल्या जातात, म्हणून काही महिने डोळा कोरडा पडतो, खुपतो, दुपारनंतर धूसर होतो. बहुतेकांचं सुधारतं, काहींचं लांबतं. आता यात मे महिन्याची ४५-४६ अंशांची झळ घाला, कूलरचं वारं घाला, आणि दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या मळणीचं कुटार घाला. करायचंच असेल तर उन्हाळा आणि मळणी टाळून करा, आणि नंतर डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे वावरात जाऊ नका. काडी किंवा धूळ ताज्या जखमेत गेली तर बुरशीचा संसर्ग होतो, आणि तो पारपटलाला कायमचा डाग पाडून जातो.

भरतीचं काय?

प्रत्येक भरतीचा वैद्यकीय निकष वेगळा. काही ठिकाणी चष्मा चालतो, म्हणजे शस्त्रक्रियेची गरजच नाही. काही ठिकाणी शस्त्रक्रिया चालते, पण वय, आधीचा नंबर आणि मधला काळ यांच्या अटी असतात. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या पदाला तर लॅसिक केलेला उमेदवार चालतच नाही. त्यांच्या जाहिरातीत ते लिहिलेलं असतं. त्याच पदाची तयारी करणाऱ्या पोराने आधी लॅसिक करून घेतलं, तर पैसे आणि संधी दोन्ही गेले. "तपासणीत कळत नाही" असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. टोपोग्राफीत सपाट झालेला मधला गोल स्पष्ट दिसतो.

आरोग्य विम्यातही बहुतेक ठिकाणी साडेसातपेक्षा कमी नंबराच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. आधी पॉलिसी वाचून घ्या. तपासणीसाठी थेट जाहिरातवाल्याकडेच गेलं पाहिजे असंही नाही. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल इथे नेत्रविभाग आहेत. ज्याला शस्त्रक्रिया विकायची नाही अशा डॉक्टरचं मत एकदा घ्या.

"एकदा केलं की जन्माचा चष्मा सुटला ना?"

नाही. चाळिशीत आतलं भिंग कडक होतं आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो. तो लेझर झालेल्यालाही लागतो. काहींचा थोडा नंबर काही वर्षांनी परत येतो. आणि जास्त उणे नंबरचा डोळा मुळात लांब असतो. लेझरने पुढची काच सपाट होते, डोळ्याची लांबी तशीच राहते. म्हणून आतला पडदा फाटण्याचा, सुटण्याचा धोका आधी होता तेवढाच राहतो. चष्मा गेला म्हणून वर्षाची पडद्याची तपासणी सोडायची नाही. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले, पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अजून एक गोष्ट, जी पोरांना आज अगदीच दूरची वाटते. साठीच्या आसपास मोतीबिंदू होईल. तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर पारपटलाच्या गोलाव्यावरून काढतात. लेझरने तो गोलावा बदललेला असतो, नेहमीची गणितं त्यामुळे फसतात आणि चुकीच्या नंबराचं भिंग बसू शकतं. शस्त्रक्रियेआधीची मापं हाताशी असली तर डॉक्टरला तो हिशोब दुरुस्त करता येतो. म्हणून लेझर करून आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो: आधीचा नंबर, पारपटलाची जाडी, रंगीत नकाशे, किती मायक्रॉन घासले त्याचा कागद, सगळं मागून घ्या. मोबाइलमधले फोटो दोन मोबाइल बदलले की जातात.

गेल्या महिन्यात एक पोरगी आली होती, उणे साडेतीन होती, आता चार्टची शेवटची ओळ वाचते. तिच्या आईला मी हे सगळं सांगितलं. माउलीने फाइल हातात घेतली, जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवतो. थे कोणी हरवत नाही."